हप्ता, अनुदान, विमा, सबसिडी: शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न सीना नदीच्या पट्ट्यातले आहेत. परांडा, भूम, करमाळा, माढा या भागात ते रोज कानावर येतात. उत्तरं मात्र राज्यात कुठेही लागू पडतील, कारण योजना त्याच आहेत आणि पैसे अडकण्याच्या जागाही त्याच. तलाठ्यांना आता ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायकांना सहायक कृषी अधिकारी म्हणतात. इथे आपल्या तोंडात बसलेली जुनी नावंच ठेवली आहेत.

गावात सगळे ‘अनुदान आलं’ म्हणतात. ते नेमकं कुठलं?

खात्यात पैसे पडले की आपण सरसकट अनुदान म्हणतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. केंद्राची पीएम किसान आणि राज्याची नमो शेतकरी यांचे हप्ते सन्मान निधीचे. त्यांचं काम कृषी विभागाकडे. अतिवृष्टी, पूर, गारपीट यांची मदत महसूल विभागाकडून, म्हणजे तलाठी आणि तहसीलदारांकडून येते. पीक विमा कंपनी देते. ठिबक, अवजारं, शेततळं यांची सबसिडी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावरून. पैसे आले नाहीत तर आधी ठरवा की यातले कुठले आले नाहीत. विम्यासाठी तलाठ्याकडे आणि पूरमदतीसाठी कृषी कार्यालयात खेटे घालणारी माणसं अजूनही भेटतात. त्यांचा दिवस बुडतो, रोजगार बुडतो आणि काम तिथेच राहतं.

शेजाऱ्याला पीएम किसानचा हप्ता आला, मला नाही. असं का?

योजना डिसेंबर २०१८ पासून लागू आहे. वर्षाला ६,००० रुपये, चार महिन्यांनी २,००० याप्रमाणे. विसावा हप्ता २ ऑगस्ट २०२५ ला आणि एकविसावा १९ नोव्हेंबर २०२५ ला सुटला. हप्ता राज्यभर एकाच दिवशी सुटतो, त्यामुळे शेजाऱ्याला आला आणि तुम्हाला नाही, तर खोट बहुतेक वेळा तुमच्या नोंदीत असते.

पीएम किसानच्या संकेतस्थळावर नोंदणी क्रमांक टाकून आपली स्थिती उघडा. तिथे तीन गोष्टी पाहायच्या: लँड सीडिंग (जमिनीची नोंद जोडली का), ई-केवायसी (आधारवरून ओळख पटली का) आणि आधार-बँक सीडिंग (खात्याला आधार जोडलं का). तिन्हींपुढे ‘येस’ हवं. लँड सीडिंगपुढे ‘नो’ असेल तर सातबारा आणि आठ-अ (नावावरच्या एकूण जमिनीचा उतारा) घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जा. ई-केवायसी ‘नो’ असेल तर सेवा केंद्रात किंवा मोबाईलवर होतं. बँकेचं ‘नो’ असेल तर ते बँकेत सुटतं.

तिन्ही ‘येस’ असून पैसे नाहीत? मग खाली हप्त्यासमोर काय लिहिलंय ते वाचा. ‘आरएफटी साइन्ड’ म्हणजे राज्याने तुमचं नाव पैशासाठी पुढे पाठवलं. ‘एफटीओ जनरेटेड’ म्हणजे पैसे पाठवण्याचा आदेश निघाला. या दोन्हींत थोडं थांबायला हरकत नाही. ‘पेमेंट स्टॉप्ड बाय स्टेट’ दिसलं तर मात्र थांबू नका. कारण लेखी विचारा.

आईचा अंगठा मशीनवर उमटत नाही. ई-केवायसी कसं करायचं?

खुरपणी, कापूस वेचणी आणि ऊसतोडीत ज्यांचा जन्म गेला त्यांच्या बोटांवरच्या रेघा झिजून गेलेल्या असतात. मशीन चारदा ‘पुन्हा प्रयत्न करा’ म्हणतं, मागची रांग कुरकुरते, आणि म्हातारी पदराला बोट पुसत बाजूला होते. हे बघवत नाही, आणि याची गरजही नाही. २०२३ पासून पीएम किसानच्या मोबाईल अॅपवर चेहऱ्यावरून ई-केवायसी होतं. फोनमध्ये ‘आधार फेस आरडी’ नावाचं दुसरं अॅपही लागतं. फोन त्यांचाच असला पाहिजे असं नाही. एका फोनवरून शंभर जणांपर्यंत इतर शेतकऱ्यांचं ई-केवायसी करता येतं. आईला ओट्यावर उजेडात बसवा, चष्मा काढा, पापण्यांची उघडझाप करायला सांगा, झालं. गावातल्या कॉलेजच्या पोरांनी एक रविवार दिला तर गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या माणसांचं होऊन जाईल.

बँकवाले म्हणतात आधार लिंक आहे. तरी पैसे त्या खात्यात आले नाहीत.

बँकेत आधारची झेरॉक्स दिली की खात्याला आधार जोडलं जातं. पण सरकारी पैसे येण्यासाठी तेवढं पुरत नाही. एका आधारवर डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा होण्यासाठी, एकच खातं ठरलेलं असतं, आणि तुम्ही शेवटची संमती ज्या बँकेला दिली तिथे ते जातं. मधल्या काळात कुणी मोबाईल रिचार्जच्या दुकानात अंगठा घेऊन पेमेंट बँकेचं खातं उघडलं असेल, तर हप्ते तिकडे साठत असतात आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ बघा. बँकेचं नाव आणि चालू की बंद, दोन्ही दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत ‘डीबीटीसाठी आधार सीडिंग’ असा स्पष्ट शब्द असलेला फॉर्म भरा आणि पोच घ्या. शाखेत कुणी दाद देत नसेल तर पोस्टमनकडून पोस्ट पेमेंट्स बँकेचं खातं उघडा, तेही घरबसल्या होतं.

नमो शेतकरीचा वेगळा अर्ज करायचा का?

नाही. राज्याने २०२३-२४ च्या अर्थसंकल्पात ही योजना जाहीर केली आणि पहिला हप्ता २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीतून सुटला. ज्याला पीएम किसान मिळतो त्यालाच नमोचे आणखी ६,००० मिळतात. पीएम किसान अडकला की हाही अडकतो, म्हणून आधी तो मोकळा करा.

आमच्या दोघांच्या नावावर जमीन आहे. दोघांना हप्ता मिळेल का?

नाही. नवरा, बायको आणि अल्पवयीन मुलं मिळून एक कुटुंब, आणि कुटुंबात एकालाच लाभ. जिथे दोघांची नावं सापडली तिथे पडताळणी होईपर्यंत हप्ते रोखले आहेत. कृषी कार्यालयात जाऊन एकाचं नाव ठेवा आणि दुसऱ्याचं लेखी काढून घ्या.

आमचं मत विचाराल तर बाईचं ठेवा. पण घरात लाडकी बहीण चालू असेल तर आधी हिशेब करा: दोन्ही सन्मान निधी मिळून महिन्याला १,००० पडतात, म्हणून अशा बहिणीला १,५०० ऐवजी फरकाचे ५०० मिळतात.

कुणाला पीएम किसान मिळत नाही?

मागच्या वर्षी आयकर भरलेला, सरकारी किंवा निमसरकारी नोकरीतला (चतुर्थ श्रेणी सोडून), १०,००० किंवा जास्त पेन्शन घेणारा, व्यवसाय करणारा नोंदणीकृत डॉक्टर, वकील, इंजिनिअर, सीए, आणि आजी-माजी आमदार-खासदार. पात्र नसताना घेतलेले पैसे परत मागितले जातात.

जमीन १ फेब्रुवारी २०१९ नंतर विकत घेतली असेल तरीही नाही. वारसाने आली असेल तर ही तारीख आड येत नाही.

वडील वारले. त्यांचा हप्ता आईला किंवा मला कसा मिळेल?

या प्रश्नाला जागा जास्त देतोय, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथेच होताना दिसतं. वडील जातात, दहावं-तेरावं होतं, घर सावरायला वर्ष जातं. सातबारा तसाच मयताच्या नावावर राहतो. मग पीएम किसान बंद, शेतकरी आयडी (शेतकरी आणि त्याच्या जमिनीचा ओळख क्रमांक) निघत नाही, पूर आला तर मदत मयताच्या नावावर निघून परत जाते, विमा भरता येत नाही. एका नोंदीमुळे चारही दारं बंद होतात, आणि त्यात सगळ्यात जास्त भरडली जाते ती घरातली विधवा.

पहिली गोष्ट: मयताचं खातं चालू ठेवून हप्ते उचलू नका. पुढे वसुली लागते. कृषी कार्यालयात मृत्यूचा दाखला देऊन नोंद बंद करा.

दुसरी: वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे किंवा ई-हक्क प्रणालीवर करा. कायद्याने तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. उशीर झाला म्हणून नोंद नाकारता येत नाही, पण घाई करा. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, पत्ते आणि मयताशी नातं लिहिलेलं प्रतिज्ञापत्र, सातबारा, आठ-अ. यात आईचं आणि बहिणींचं नाव लिहायचंच आहे. ‘तिचं लग्न झालं, तिला कशाला’ म्हणून बहीण वगळली की फेरफारला (नाव बदलाच्या नोंदीला) हरकत येते आणि प्रकरण वर्षभर लोंबकळतं. हक्क सोडायचा की नाही हे बहिणीने नंतर, स्वतःच्या मर्जीने ठरवावं.

तलाठी फेरफार धरतो, नोटीस निघते, हरकतीचे पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. फेरफार ‘मंजूर’ झाला हे कुणी सांगितलं म्हणून मानू नका, नवा डिजिटल सातबारा काढून नाव डोळ्यांनी बघा. राज्याने एप्रिल २०२५ पासून ‘जिवंत सातबारा’ मोहीम याचसाठी घेतली. तुमच्या गावात ती झाली तेव्हा नाव राहून गेलं असेल तरी नेहमीचा अर्ज करायला काहीच अडचण नाही.

तिसरी: नाव लागलं की वारसाने पीएम किसानची नवी नोंदणी करायची. जमीन वारसाने आली असं निवडून फेरफार आणि मृत्यूचा दाखला जोडायचा. वडिलांची नोंदणी तुमच्या नावावर ‘ट्रान्सफर’ करून देतो असं म्हणून कुणी पैसे मागत असेल तर देऊ नका. भाऊ वेगळे राहत असतील आणि प्रत्येकाच्या नावे हिस्सा लागला असेल, तर प्रत्येक कुटुंब आपापली नोंदणी करू शकतं.

शेतकरी आयडी काढलाच पाहिजे का?

हो. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात कृषी विभागाच्या योजनांसाठी तो सक्तीचा आहे. नंबर ११ अंकी असतो. सेवा केंद्रात काढताना एक गोष्ट स्वतः स्क्रीनवर बघा: तुमचे सगळे गट त्यात आले का? दुसऱ्या गावची जमीन आपोआप येत नाही, ते गाव निवडून ती जोडावी लागते. घाईत एकच गट जोडून चालक पुढचा गिऱ्हाईक घेतो, आणि नदीकाठचा जो गट पुरात गेला तोच नेमका राहिलेला असतो. सातबाऱ्यावर ‘दत्तू’ आणि आधारवर ‘दत्तात्रय’ असा फरक असेल तर मंजुरी अडते. तलाठ्याकडे दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं सांगून ती करून घ्यावी लागते.

पुराची मदत कशी मोजतात? आम्हाला एवढे कमी कसे?

नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत बसते. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक मिळून पंचनामा करतात. राज्य आपत्ती निधीचा दर कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,००० आणि फळबागेला २२,५०० रुपये, तोही दोन हेक्टरपर्यंत. सप्टेंबर २०२५ च्या पुरानंतर सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात मर्यादा तीन हेक्टर केली आणि रब्बीच्या बियाण्यासाठी वगैरे हेक्टरी १०,००० वेगळे ठेवले.

आता हिशेब. सोयाबीन कोरडवाहू, जमीन १ हेक्टर २० आर, तर ८,५०० प्रमाणे १०,२०० रुपये. पंचनाम्यात बाधित क्षेत्र ०.८० लिहिलं गेलं की तेच ६,८०० होतात. तीन हजार चारशेचा फरक एका आकड्यामुळे. म्हणून पंचनामा होताना बांधावर हजर राहा, क्षेत्र आणि पीक काय लिहिलं ते विचारा, आणि यादी ग्रामपंचायतीत किंवा तलाठी कार्यालयात लागली की त्याच दिवशी वाचा. तलाठ्याला एकाच आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन गावं उरकायची असतात. त्याच्या हातून आकडा चुकू शकतो, आणि यादी वर गेल्यावर तो दुरुस्त करणं फार कठीण.

माती वाहून गेली असेल, विहीर गाळाने भरली असेल, जनावर दगावलं असेल, तर ते पिकाच्या पंचनाम्यात येत नाही. त्याचे वेगळे पंचनामे लागतात. खरडून गेलेल्या जमिनीला त्या पॅकेजमध्ये हेक्टरी ४७,००० रोख आणि रोजगार हमीतून हेक्टरी ३ लाखांपर्यंतचं काम धरलं होतं, विहिरीला ३०,०००, दुभत्या जनावराला ३७,५००, ओढकामाच्या जनावराला ३२,०००. खरं सांगायचं तर चार फूट माती गेलेल्या रानाला या आकड्यांनी माती परत येत नाही. पण जे मंजूर आहे ते तरी शेवटच्या रुपयापर्यंत घ्या.

व्हीके नंबर म्हणजे काय?

मदतीच्या यादीत प्रत्येकाला दिलेला विशिष्ट क्रमांक. तो घेऊन सेवा केंद्रात आधार प्रमाणीकरण करायचं, मग पैसे सुटतात. २०२५ च्या मदतीत शेतकरी आयडी असलेल्यांना या ई-केवायसीतून सूट दिली होती. यादीत नाव आहे पण नंबर नाही, असं झालं तर तहसीलमधल्या नैसर्गिक आपत्ती टेबलावर विचारा.

सातबाऱ्यावर चार भावांची नावं आहेत.

सामाईक गटात मदत एकाच्या खात्यावर घ्यायची तर इतरांचं संमतीपत्र मागतात. नाहीतर प्रत्येकाच्या हिश्शाप्रमाणे क्षेत्र लिहून घ्या. पुण्या-मुंबईला असलेल्या भावाची सही आधीच घेऊन ठेवली तर बरं.

मदत खात्यात आली, पण बँकेने होल्ड लावला. पैसे काढू देत नाहीत.

हे चुकीचं आहे, आणि याबद्दल गप्प बसू नका. पूर-अतिवृष्टीची मदत कर्जवसुलीत वळती करू नये, हे मदतीच्या शासन निर्णयातच लिहिलेलं असतं. ज्याचं पीक वाहून गेलं त्याच्या ताटातला घास थकबाकीपोटी काढून घेणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

शाखाधिकाऱ्याला लेखी अर्ज द्या. खाते क्रमांक, जमा तारीख, रक्कम, आणि ‘ही रक्कम नैसर्गिक आपत्तीची मदत असून शासन निर्णयानुसार ती वळती करता येत नाही’ हे वाक्य. शासन निर्णयाची प्रत जोडा. एका प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा. अर्जाची एक प्रत तहसीलदारांना, एक जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला. बहुतेक होल्ड इथेच निघतात, कारण लेखी कागदाला उत्तर द्यावं लागतं. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८.

एक रुपयातला विमा बंद झाला का?

हो. खरीप २०२३ पासून सुरू झालेला एक रुपयातला विमा खरीप २०२५ पासून बंद झाला. आता शेतकऱ्याचा हिस्सा खरिपाला २ टक्के, रब्बीला १.५ टक्के आणि नगदी पिकांना ५ टक्के, विमा रकमेवर. दुसरा बदल मोठा आहे. आधी आपल्या शेतात पाणी साचलं की ७२ तासांत कळवून दावा करता यायचा. खरीप २०२५ ला तो आधार काढला आणि भरपाई फक्त पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे महसूल मंडळाचं सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या (मागच्या वर्षांवरून ठरवलेल्या पातळीच्या) खाली गेलं तरच. मंडळातली माळरानाची गावं पिकली आणि नदीकाठची बुडाली, तर सरासरीत नदीकाठचा माणूस मारला जातो. त्यामुळे भरण्याआधी आपल्या हंगामाची अधिसूचना कृषी सहायकाकडून समजून घ्या. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईलवरून आपल्या पिकाची नोंद, न चुकता करा, विम्यात लिहिलेलं पीक आणि पाहणीतलं पीक एकच असू द्या. तक्रारीसाठी १४४४७.

ठिबक घेतलं, आता महाडीबीटीवर अर्ज करतो. चालेल का?

चालणार नाही. आधी अर्ज, मग निवड, कागदपत्रं, पूर्वसंमती, आणि त्यानंतरच्या तारखेचं बिल. पूर्वसंमतीच्या आधीचं बिल असेल तर सबसिडी गेली. दुकानदार ‘तारीख मागेपुढे करून देतो’ म्हणतो. त्याच्या नादी लागू नका, मोका तपासणीत ते उघडं पडतं. २०२५-२६ पासून सोडत बंद होऊन आधी अर्ज करणाऱ्याला आधी, असं झालंय. ठिबकला अल्पभूधारकांना ८० आणि इतरांना ७५ टक्के, पण ते सरकारने ठरवलेल्या खर्चाच्या, तुमच्या बिलाच्या नव्हे.

मी दुसऱ्याची जमीन बटईने करतो. मला काय मिळतं?

पीएम किसान, नमो आणि पूरमदत हे सगळं सातबाऱ्यावरच्या नावाला जातं. घाम बटईदाराचा, बियाणं-खतात अर्धा पैसा त्याचा, आणि पूर आला की मदत शहरात राहणाऱ्या मालकाच्या खात्यात. हा या सगळ्या रचनेतला मोठा अन्याय आहे आणि तो बदलल्याशिवाय खऱ्या कसणाऱ्यापर्यंत पैसे पोचणार नाहीत. सध्या एवढंच करता येतं: बटईचा करार स्टॅम्पवर करा, त्यात ‘नैसर्गिक आपत्तीची मदत खर्चाच्या प्रमाणात वाटून घेऊ’ हे कलम घाला, आणि नोंदणीकृत भाडेकरारावर स्वतःच्या नावाने पीक विमा भरा. वनहक्काचा पट्टा असेल तर गोष्ट वेगळी, पट्टेधारकाला पीएम किसान मिळतो.

शेतात साप चावून मुलगा गेला. काही मिळतं का?

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूला २ लाख मिळतात. वय १० ते ७५. सातबारा नावावर असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला आणखी एक जण यात येतो. ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. वीज पडणं, शॉक लागणं, बुडणं, रस्ता अपघात हेही यात येतात. अशा वेळी घरच्यांना शवविच्छेदन नकोसं वाटतं. भावकीतल्या कुणीतरी धीर धरून पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदन करून घ्यावं, त्यावाचून प्रकरण उभं राहत नाही.

‘पीएम किसान’ नावाची फाईल व्हॉट्सअॅपवर आली, उघडू का?

उघडू नका. कुठलीही योजना एपीके (फोनमध्ये अॅप घालणारी) फाईल पाठवत नाही. उघडली असेल तर फोनचं नेट बंद करा, बँकेला कळवा आणि १९३० वर फोन करा.

नोंदणीच्या वेळचा मोबाईल नंबर बंद पडला. ओटीपी येत नाही.

पीएम किसानच्या संकेतस्थळावर मोबाईल नंबर बदलण्याचा पर्याय आहे, आधारवरून होतं. आधारलाच जुना नंबर असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन तो बदला. तेवढं झालं की बाकी ठिकाणी नवाच द्या. पीएम किसानची मदतवाहिनी १५५२६१.